मृत्युपत्रात थोरल्या मुलाचे नाव का नाही?

एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश: मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर व्हर्जिनियात स्थायिक झाले. यजमानांचे घराणे तिथल्याच नॉर्थम्बरलँड काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). मुलीसाठी मी दोन्ही कुळांची माहिती एकत्र करून एक पुस्तक तयार करीत आहे. माहेरचा कुलवृत्तान्त छापील असल्याने ती बाजू सोपी गेली. सासरच्या बाजूला मात्र 1743 मध्ये वारलेल्या एका पूर्वजापाशी गाडी अडली आहे. त्याच्या मृत्युपत्राचा एक छापील गोषवारा मिळाला. त्यात पत्नी, दोन मुलगे, तीन अविवाहित मुली, एक ‘सन-इन-लॉ’ आणि एक ‘कझिन’ आहेत. पण इंटरनेटवरच्या सगळ्या वंशवृक्षांत ज्याला त्याचा थोरला मुलगा म्हटले आहे आणि ज्याच्यापासून यजमानांची शाखा निघते, त्याचे नाव त्यात कुठेच नाही. बापाने त्याला बेदखल केले असेल, की तो त्याचा मुलगाच नव्हता? पत्नीचे माहेरचे आडनाव कसे शोधावे? दुसऱ्या एका कागदात ‘इंडियन’ असा शब्द आहे, तो माणूस आपल्याकडचा असू शकेल का? गोषवाऱ्यात चार गुलाम वाटून दिल्याचा उल्लेख आहे. मूळ पान पाहिल्यास त्यांची नावे मिळतील, असे ग्रंथपाल म्हणाले. ती पुस्तकात घ्यावीत का, यावरून घरात मतभेद आहेत.

सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेला गोषवारा आणि वंशवृक्ष दोन्ही लक्षपूर्वक वाचले. कुटुंबाची खासगी नावे या सदरात छापत नाही, पण उत्तर त्या कागदांना धरूनच देत आहे.

1743 च्या व्हर्जिनियात बापाच्या मृत्युपत्रात थोरल्या मुलाचे नाव नसणे हा तो त्याचा मुलगा नसल्याचा पुरावा होत नाही, आणि त्याला बेदखल केल्याचा तर मुळीच होत नाही. त्या वसाहतीत ज्येष्ठाधिकाराचा इंग्रजी कायदा चालत होता. बापाने मृत्युपत्र केले नाही, किंवा केले पण एखाद्या जमिनीचा त्यात उल्लेख केला नाही, तर ती जमीन कोणताही वेगळा कागद न होता थोरल्या मुलाकडे जात असे. धाकट्या भावांना आणि बहिणींना तिच्यात वाटा नसे. स्वातंत्र्यानंतर 1785 मध्ये संमत झालेल्या आणि 1 जानेवारी 1787 पासून लागू झालेल्या कायद्याने ही रीत संपली. तोपर्यंत मृत्युपत्र करायला बसलेल्या बापासमोरचा खरा प्रश्न हा असे, की ज्यांना कायदा जमीन देणार नाही त्यांची सोय कशी लावावी. आपल्या पूर्वजाने दुसऱ्या मुलाला ओढ्याकाठची जमीन दिली, तिसऱ्याला नव्याने घेतलेला तुकडा दिला, मुलींना गाई आणि अंथरूण-पांघरूण दिले. पण तो स्वतः जिथे राहत होता ती मूळ जमीन कोणाला दिली, याबद्दल गोषवाऱ्यात एक अक्षरही नाही. या संपूर्ण कागदात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. मूळ मृत्युपत्रातही ती जमीन नसेल, तर ती घेणारा कोणीतरी थोरला वारस हयात होता, असा तर्क करायला चांगली जागा आहे.

थोरल्याला त्याच्या लग्नाच्या वेळी दानपत्राने आधीच काही दिलेले असणे हीदेखील त्या काळी सर्रास आढळणारी गोष्ट आहे. काही मृत्युपत्रांत एखाद्या मुलाला केवळ एक शिलिंग ठेवलेला दिसतो आणि लोक घाईने त्यात बापाचा राग वाचतात. पुष्कळदा त्या मुलाला त्याचा वाटा अगोदरच मिळालेला असतो आणि आपल्याला वगळले असा दावा त्याने पुढे लावू नये, एवढ्यासाठी तो शिलिंग लिहिलेला असतो.

मात्र नाव नसणे हा मुलगा असल्याचाही पुरावा नव्हे, आणि आपण पाहिलेले सर्व वंशवृक्ष इथेच घसरले आहेत. एकाने अंदाज केला आणि बाकीच्यांनी तो उतरवून घेतला, असे त्यांतल्या एकसारख्या चुकांवरून दिसते. खरा पुरावा काउंटीच्या खरेदीखतांच्या पुस्तकांत शोधावा लागेल. 1743 नंतर त्या मूळ जमिनीचे काय झाले, हा एकच धागा धरून पुढची तीस-चाळीस वर्षे तपासावीत. ती जमीन कोणी विकली असेल, तर विकणाऱ्याला आपला हक्क कुठून आला हे खतात पुष्कळदा सांगितलेले असे, आणि तिथे ‘अमुक मयताचा थोरला मुलगा व कायदेशीर वारस’ असे शब्द स्पष्ट लिहिलेले सापडतात. तसे शब्द नसले तरी जमीन बापाच्या नावावर आलेली दिसते, मुलाने विकलेली दिसते आणि मधे कोणतेही खरेदीखत किंवा मृत्युपत्र नाही, अशी साखळी पूर्ण जुळली तर ती वारसानेच गेली असे म्हणता येते. नॉर्थम्बरलँड काउंटी पोटोमॅक आणि रॅपहॅनॉक या नद्यांमधल्या नॉर्दर्न नेक या पट्ट्यात येते. अठराव्या शतकात या पट्ट्यातली पडीक जमीन राजाच्या नव्हे, तर त्या पट्ट्याचे मालक लॉर्ड फेअरफॅक्स यांच्या खासगी कचेरीतून दिली जात असे. तिथल्या जमीन-नोंदी रिचमंड येथील लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. साखळीचे पहिले टोक तिथे मिळण्याची शक्यता आहे.

एक इशारा इथेच देणे आवश्यक आहे. वंशवृक्षात त्या दोघांना ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हटले आहे आणि त्यावरून बाप-लेक ठरवले आहे. वसाहतकाळात ही विशेषणे केवळ एकाच परिसरातील एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळे ओळखण्यासाठी लावत. वयाने मोठा तो सीनियर आणि लहान तो ज्युनियर, मग ते काका-पुतणे असोत, चुलतभाऊ असोत की एकमेकांचे कोणीही नसोत. सीनियर वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होत असे आणि नोंदी वाचणारा चकत असे. अशा वेळी नावावर न जाता माणूस ओळखावा: त्याची जमीन कोणत्या ओढ्यावर होती, बायकोचे नाव काय, धंदा कोणता, सही करीत होता की खूण. निरक्षर माणसाची खूण बहुधा ठरलेली असे, आणि काळजीपूर्वक काम करणारा कारकून नोंदवहीत नक्कल करताना ती खूणही तशीच काढीत असे.

आता त्या ‘सन-इन-लॉ’कडे येऊ. आपण त्याला जावई धरले आहे, आणि आजच्या वापरानुसार ते स्वाभाविक आहे. पण त्याच गोषवाऱ्यात पुढे म्हटले आहे की, त्याला एक खोगीर आणि एक गाय तो एकवीस वर्षांचा झाल्यावर द्यावी. तिन्ही मुली अविवाहित आहेत. त्याचे आडनाव घरातल्या कोणाशीही जुळत नाही. त्या काळी या शब्दाने सावत्र मुलाचाही निर्देश होत असे, आणि इथे तोच अर्थ बसतो. म्हणजे तो पत्नीच्या आधीच्या नवऱ्याचा मुलगा असणार. तसेच ‘कझिन’ हा शब्द पुतण्या, पुतणी, भाचा, भाची यांच्यासाठी नेहमी वापरला जाई. त्यामुळे त्याला चुलतभाऊ म्हणून वंशवृक्षात टाकण्यापूर्वी त्याचे वय पाहावे. पूर्वजाच्या मुलांच्या बरोबरीचा असेल, तर तो बहुधा एक पिढी खालचा आहे.

हा सावत्र मुलगा आपल्यासाठी फार मोलाचा आहे, कारण त्याचे आडनाव हेच त्याच्या आईच्या पहिल्या नवऱ्याचे आडनाव. 1721 ते 1743 या काळात त्या आडनावाचा कोण पुरुष वारला, हे नॉर्थम्बरलँडमध्ये आणि शेजारच्या लँकेस्टर, वेस्टमोरलँड व रिचमंड या काउंटींमध्ये पाहावे. रिचमंड काउंटी म्हणजे रिचमंड शहर नव्हे, ती दोन वेगळी ठिकाणे आहेत. या घोटाळ्यात पुष्कळांचे दिवस वाया जातात. मृत्युपत्र नसेल तर कोर्ट मालमत्तेचा व्यवस्थापक नेमत असे, आणि हा मान प्रथम विधवेला मिळे. तिला जामीनदार द्यावे लागत. हे जामीनदार कोण आहेत ते टिपून ठेवावे, कारण विधवेच्या पाठीशी पैशाची जबाबदारी घेऊन उभा राहणारा माणूस बहुधा तिचा बाप, भाऊ किंवा मेहुणा असतो. पुढे तिने दुसरे लग्न केले की हिशेब सादर करायला नवा नवरा येतो, आणि कारकून ‘अमुक, ज्याने तमुक मयताच्या विधवेशी विवाह केला’ असे लिहितो. आपल्या पूर्वजाचे नाव अशा ओळीत सापडले, तर पत्नीची ओळख पटली असे समजावे.

या मार्गाने काय साधते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याच काउंटीतले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आईचे, मेरी बॉल यांचे वडील जोसेफ बॉल हे लँकेस्टर काउंटीचे. ते 1711 मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रात लहानग्या मेरीला रॅपहॅनॉक नदीवरची 400 एकर जमीन दिली आहे, आणि एलायझा जॉन्सन नावाच्या मुलीला 100 एकर. मेरीची आई कोण, तिचे पुढे काय झाले, हे नुसत्या त्या कागदावरून कळत नाही. बॉल आडनावाने कितीही शोध घेतला तरी ती सापडत नाही, कारण ती बॉल राहिलीच नव्हती. नॉर्थम्बरलँडमध्ये मेरी ह्यूज नावाच्या एका विधवेचे डिसेंबर 1720 मध्ये केलेले मृत्युपत्र आहे, ते जुलै 1721 मध्ये कोर्टात शाबीत झाले. त्यात मुलगी मेरी बॉल आहे, मुलगी एलिझाबेथ आहे आणि मुलगा जॉन जॉन्सन आहे. मेरी बॉलला ती दोन सोन्याच्या अंगठ्या ठेवते, एक जाड कड्याची आणि एक खड्याची, आणि तिच्यासाठी चांगल्या चालीचा घोडा व रेशमी प्लशचे खोगीर विकत घ्यावे असे सांगते. मुलगी अज्ञान आहे, म्हणून तिला कॅप्टन जॉर्ज एस्क्रिज यांच्या देखरेखीखाली ठेवावे, अशी तिची इच्छा आहे. पहिला नवरा जॉन्सन, दुसरा बॉल, तिसरा ह्यूज. दोन काउंटींतली दोन मृत्युपत्रे शेजारी ठेवली की एकाच बाईची तीन आडनावे जुळतात, आणि 100 एकर मिळालेली एलायझा जॉन्सन ही बॉल यांची सावत्र मुलगी होती हेही उलगडते. एवढे होऊनही त्या बाईचे माहेरचे आडनाव आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांच्या आजीबाबत ही स्थिती असेल, तर आपल्या पुस्तकात पत्नीच्या माहेरच्या आडनावाची जागा रिकामी राहिली तरी त्यात कमीपणा मानू नये. इंटरनेटवर तिला लावलेले आडनाव पुराव्याशिवाय छापण्यापेक्षा ती जागा रिकामी सोडणे कितीतरी चांगले.

स्त्रियांचा माग काढण्याची आणखी एक जागा खरेदीखतांतच आहे. नवरा वारल्यावर विधवेला त्याच्या जमिनीच्या एक-तृतीयांश भागावर हयातीपुरता हक्क मिळत असे. म्हणून नवऱ्याने जमीन विकली की घेणारा तिच्याकडूनही हक्कसोड मागे, आणि कोर्टाने नेमलेली माणसे तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारीत की ती हे आपखुशीने करीत आहे का. या नोंदीत तिचे पहिले नाव मिळते आणि त्या दिवशी ती हयात होती हे कळते. नवरा-बायकोने मिळून एखादी जमीन विकली असेल आणि ती जमीन नवऱ्याने घेतल्याचा कोणताही कागद सापडत नसेल, तर ती बायकोच्या बापाची असण्याचा संभव फार मोठा. अशी जमीन कोणाकडून आली ते मागे मागे तपासत जावे.

तारखांविषयी थोडक्यात. गोषवाऱ्यात मृत्युपत्राची तारीख 12 फेब्रुवारी 1742 आणि कोर्टात शाबीत झाल्याचा महिना एप्रिल 1743 आहे, आणि त्यावरून पूर्वज चौदा महिने आजारी होता असे आपण लिहिले आहे. 1752 पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. त्यामुळे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1743 चा आहे, आणि मधले अंतर केवळ दोन महिन्यांचे आहे. पुस्तकात 1742/43 असे लिहावे. ‘माझी आताची पत्नी’ या शब्दांवरून काढलेला आधीच्या लग्नाचा निष्कर्षही मागे घ्यावा. हे शब्द वकिली साच्यातले आहेत आणि पहिली बायको असलेला-नसलेला कोणीही ते लिहीत असे.

गोषवाऱ्यावर थांबू नये, हे मी आग्रहाने सांगतो. गोषवारा करणाऱ्याने आपल्याला महत्त्वाचे वाटले ते ठेवले आणि उरलेले गाळले. आपल्या गोषवाऱ्यात साक्षीदारांची नावे नाहीत, मालमत्तेची मोजदाद करणाऱ्यांची नाहीत, जामीनदारांची नाहीत आणि गुलामांची जागा नुसत्या ‘चार’ या आकड्याने भरली आहे. मूळ नोंदवहीच्या पानांची चित्रे फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. तिथे 2024 पासून हस्तलिखितांतला मजकूर यंत्राने वाचून शोधण्याची सोय झाली आहे, आणि तिने या कामाचे स्वरूप बदलून टाकले आहे. छापील सूचीत फक्त मृत्युपत्र करणाऱ्याचे नाव असे. आता कोणाच्या तरी कागदावर साक्षीदार म्हणून आलेला किंवा शेजाऱ्याच्या हिशेबात तीन शिलिंग देणे असलेला माणूसही शोधता येतो. यंत्र चुकते, म्हणून आडनाव चार-पाच वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधावे आणि सापडलेले पान स्वतः वाचावे. ‘जे-एन-ओ’ हे जॉनचे संक्षिप्त रूप आहे, जोनाथनचे नव्हे. आपल्या वंशवृक्षातील जोनाथन बहुधा यातूनच जन्माला आला आहे.

मृत्युपत्रांच्या पुस्तकापेक्षाही मला काउंटी कोर्टाची ऑर्डर बुके, म्हणजे कामकाजाच्या नोंदवह्या, अधिक बोलकी वाटतात. आपल्याकडे नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत बाप, आजा, भाऊ असे नाते सरळ नोंदलेले असते. इथे तशी वही नाही, आणि नाते दुसऱ्याच कामासाठी लिहिलेल्या ओळीतून काढावे लागते. कोर्ट महिन्यातून एकदा बसे आणि कर्ज, भांडण, रस्त्याची दुरुस्ती, करमाफी, पालकाची नेमणूक असे सारे तिथे येई. बाप वारलेल्या मुलाला, आई हयात असली तरी, त्या नोंदींत अनाथ म्हणत, आणि साधारण चौदा वर्षांवरील मुलगा आपला पालक स्वतः निवडू शके. समजा, आपल्या पूर्वजाच्या धाकट्या मुलाने 1746 मध्ये पालक निवडल्याची ओळ सापडली. याचा अर्थ तो तेव्हा चौदाच्या वर आणि एकवीसच्या आत होता, म्हणजे त्याचा जन्म 1725 ते 1732 च्या दरम्यानचा. तो सोळाव्या वर्षी करपात्र होतो, एकविसाव्या वर्षी स्वतःच्या नावाने जमीन विकू शकतो. अशा दोन-तीन ओळींनी जन्मवर्ष दोन-तीन वर्षांच्या अंतरात पक्के होते. बाप्तिस्म्याची नोंद हरवलेल्या घराण्यात याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

साक्षीदारांच्या जबान्या हा या वह्यांतला सर्वांत जिवंत भाग. त्यांत वय नोंदलेले असते, आणि माणसे शेजारपाजारचे नाते आपल्या शब्दांत सांगतात. याच नॉर्थम्बरलँड कोर्टात 1655-56 मध्ये एलिझाबेथ की या स्त्रीने आपल्या स्वातंत्र्यासाठी दावा लावला. तिची आई आफ्रिकी गुलाम होती आणि वडील टॉमस की हे वसाहतीच्या विधिमंडळाचे सदस्य. वडिलांनी 1636 मध्ये तिला नऊ वर्षांच्या ठरावीक मुदतीने हम्फ्री हिगिन्सन यांच्याकडे सोपवले होते, पुढे ती जॉन मॉट्रम यांच्याकडे आली, आणि मुदत उलटून गेल्यावरही तिथेच राहिली. 1655 मध्ये मॉट्रम वारले आणि त्यांच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनी तिला गुलामांत मोजले. तिने कोर्टात धाव घेतली. तेव्हा एलिझाबेथ न्यूमन या ऐंशीच्या आसपासच्या वृद्धेने ती टॉमस की यांचीच मुलगी असल्याचे सर्वांना ठाऊक आहे असे सांगितले. तिच्या बाजूने लागलेला निकाल वरच्या कोर्टात फिरला, प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले आणि 1656 मध्ये ती मुक्त झाली. त्याच वर्षी तिने आपला वकील विल्यम ग्रिनस्टेड याच्याशी विवाह केला. डिसेंबर 1662 मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की मुलाची स्थिती आईवरून ठरेल, आणि बापाचे नाते सिद्ध करून सुटण्याचा हा मार्ग बंद झाला. तिच्या वंशजांना आज आपले मूळ सांगता येते, ते त्या जबान्या कोणीतरी लिहून ठेवल्या म्हणून.

आता घरातल्या मतभेदाविषयी माझे स्पष्ट मत देतो. ती चारही नावे पुस्तकात घ्यावीत, आणि तळटीपेत नव्हे, मुख्य मजकुरात घ्यावीत. 1850 आणि 1860 च्या जनगणनेतील गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव आणि गुलामांचे वय, लिंग, वर्ण एवढेच असते, त्यांची नावे बहुतेक ठिकाणी नसतात. राष्ट्रीय जनगणनेत बहुसंख्य आफ्रिकी अमेरिकनांची नावे प्रथम आली ती 1870 मध्ये. त्याआधीच्या दीडशे-दोनशे वर्षांत एखाद्या स्त्रीचे नाव कुठे लिहिले गेले असेल, तर ते मालकाच्या मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत किंवा वाटणीपत्रात, गाई-बैल आणि भांड्यांच्या शेजारी, किंमत लावून. मुलीच्या वाट्याला आलेली ती स्त्री पुढे त्या मुलीच्या नवऱ्याच्या मृत्युपत्रात पुन्हा दिसते, आणि तिच्या मुलांची नावे नातवंडांच्या कागदांत. म्हणजे आपण यजमानांच्या मुली कोणाकोणाला दिल्या हे शोधून काढता, तेव्हा त्या चार माणसांच्या वंशजांसाठीही तोच रस्ता तयार होत असतो, आणि ते काम आपल्यासारख्यांनी केले नाही तर त्यांना ते जवळजवळ अशक्य आहे. मूळ पानावरून नावे जशीच्या तशी उतरवावीत, कोणाला कोण दिले ते लिहावे, आई आणि मूल वेगळे केले असेल तर तेही लिहावे. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या ‘व्हर्जिनिया अनटोल्ड’ या संग्रहात आफ्रिकी अमेरिकनांविषयीचे कोर्टाचे कागद एकत्र केले आहेत, तिथेही ही नावे शोधून पाहावीत. यजमानांच्या घरच्यांना अवघडल्यासारखे होते हे मी समजू शकतो, पण आपल्या मुलीला हे पुस्तक खरे म्हणून वाचायचे आहे.

‘इंडियन’ या शब्दाबाबत: व्हर्जिनियाच्या कागदांत तो जवळजवळ नेहमी तिथल्या मूळ रहिवाशांसाठी येतो आणि आपल्या कागदातही तसाच धरावा. भारताच्या बाजूची काही माणसे इंग्रजी जहाजांतून नोकर किंवा गुलाम म्हणून तिथे पोचली होती, हे मात्र खरे आहे. 1635 मध्ये जॉर्ज मेनेफी यांनी जमीन मिळवण्यासाठी सादर केलेल्या, आपण वसाहतीत आणलेल्या माणसांच्या यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी नोंद आहे. ‘ईस्ट’ हा शब्द नसेल तर आपण तसा अर्थ लावू नये.

यजमानांच्या आजीकडची शाखा ऱ्होड आयलंडची आहे, असे आपण ओझरते लिहिले आहे. तिथे हे सर्व नियम जसेच्या तसे लावू नयेत. ऱ्होड आयलंडमध्ये मृत्युपत्रे काउंटीत नव्हे तर गावाच्या कौन्सिलपुढे शाबीत होत, त्यामुळे आधी गाव नक्की करावे लागेल. मॅसॅच्युसेट्सची एखादी फांदी निघाली तर तिथे मृत्युपत्र नसलेल्या बापाची मालमत्ता सर्व मुलांत वाटली जाई आणि थोरल्याला दुहेरी वाटा मिळे, म्हणून वाटणीपत्रात मुलींसह सगळी नावे सापडण्याची आशा जास्त. मेरीलँडमध्ये वसाहतकाळातला हा कारभार अ‍ॅनापोलिस येथे एकवटलेला होता.

कामाचा क्रम असा ठेवावा, असे सुचवतो. प्रथम मृत्युपत्राचे मूळ पान आणि त्यामागोमागची मालमत्तेची यादी पाहावी, आणि मूळ जमिनीचा उल्लेख खरोखरच नाही ना, याची खात्री करावी. नंतर 1743 ते 1750 ची ऑर्डर बुके ओळ न ओळ वाचावीत, सूचीवर विसंबू नये. खरेदीखते त्यानंतर. नॉर्थम्बरलँडच्या कारकुनाच्या कचेरीला 1710 मध्ये आग लागून काही जुन्या वह्यांचे नुकसान झाले, पण आपला काळ त्यानंतरचा आहे. इतर पुष्कळ काउंटींच्या मानाने आपले नशीब चांगले आहे, कारण व्हर्जिनियातील कित्येक काउंटींची दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली गेली आणि एप्रिल 1865 मध्ये ते शहर जळाले तेव्हा नष्ट झाली. सावत्र मुलाच्या आडनावाचा जो मयत सापडेल, त्याच्या व्यवस्थापनाच्या जामीनपत्राचे पान मला अवश्य पाठवावे. त्यावरील दोन-तीन नावे वाचून पत्नीच्या माहेराबद्दल काही सांगता आले, तर याच सदरात लिहीन.